पोथी पोहोचवणारी कापितोलिना येगोरोव्ना

पेचोरा नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेला, की उस्त-क्रुतच्या धक्क्यावरून दोन होड्या सगळ्यात आधी पाण्यात उतरत. एक मासे गोळा करणारी, दुसरी पुस्तकं वाटणारी. मासेवाली होडी वासानं ओळखू येई आणि पुस्तकवाली आवाजानं. तो आवाज कापितोलिना येगोरोव्नाचा. होडी अजून वळणापलीकडे असतानाच काठावरच्या बायकांना ऐकू येई, "अगं ए, मागच्या खेपेची पुस्तकं काढून ठेवा! आणि कुणी पुस्तकावर चहाचा गरम समोवार ठेवला असेल, तर त्यानं आत्ताच जंगलात पळून जावं!"

होडी चालवायचा तिचा नवरा, प्रोखोर. तो दिवसाकाठी मोजकं बोलायचा. लोक विचारत, "प्रोखोर, तू गप्प कसा रे एवढा?" तो म्हणायचा, "मधे जागा कुठे मिळते?"

कापितोलिना त्या वेळी त्रेचाळीस वर्षांची होती. अंगानं दणकट, गालांवर वाऱ्यानं कायमची चढवलेली लाली, डोक्याला लोकरी रुमाल. पेचोरेच्या काठी तिचा जन्म झाला नव्हता. ती मांडीवरचं मूल असताना तिच्या आईबापांना दक्षिणेतल्या काळ्या मातीच्या मुलखातून 'धनदांडगे शेतकरी' ठरवून उचललं आणि पडावात कोंबून या जंगलात आणून सोडलं. धन म्हणजे दोन गायी आणि घरावर पत्रा. बाप पहिल्याच हिवाळ्यात लाकूडतोडीच्या छावणीत दगावला. आई त्याच छावणीत रांधत राहिली. मागचं म्हणावं असं घरात काहीच उरलं नव्हतं, ना एखादा फोटो, ना कुणाचं थडगं. पोर वाचायला शिकली ती बराकीच्या भिंतींवर. थंडी अडवायला तिथे वर्तमानपत्रं चिकटवली होती, त्यातली अर्धी उलटी. त्यामुळे कापितोलिनाला उलटी अक्षरंही सुलट्यासारखी वाचता येत आणि याचा तिला भारी अभिमान होता.

पेचोरेला मिळणाऱ्या क्रुत नदीवर जुन्या श्रद्धेच्या माणसांची गावं होती. तीनशे वर्षांपूर्वी झार आणि त्याच्या मुख्य धर्मगुरूनं प्रार्थना बदलल्या, ग्रंथ बदलले, क्रूस करायची बोटं दोनाची तीन केली. ज्यांना हे पटलं नाही ते आपले जुने ग्रंथ काखोटीला मारून उत्तरेच्या जंगलात शिरले आणि शिरतच गेले. त्यांची नातवंडं-पतवंडं अजून तिथे होती. बाहेरच्या माणसाला ती दारातून हाकलत नसत. पाणी देत, जेवायला घालत, पण वेगळ्या भांड्यात. कापितोलिनासाठी प्रत्येक गावात एकेक वेगळा कप ठेवलेला होता. ती म्हणायची, "तालुक्यात सर्वांत जास्त कपांची मालकीण मी!"

क्रुत नदीवरचं शेवटचं गाव दाल्नी बोर. तिथे सोलोमोनिया इप्पात्येव्ना नावाची ऐंशी ओलांडलेली विधवा राहायची. पाठीत वाकलेली, पण नजर सुईसारखी. पहिल्या खेपेला कापितोलिनानं तिच्यापुढे पुस्तकं मांडली. एक मधमाश्यांवरचं, एक अंतराळवीरांवरचं, एक जाडजूड कादंबरी.

म्हातारीनं विचारलं, "यांची वयं काय?"

"हे गेल्या वर्षीचं, आजी. आणि हे तर या वर्षीचंच, कोरं करकरीत."

"मग अजून अंगावर पितायत. मोठी झाली की आण."

प्रोखोर होडीकडे तोंड फिरवून हसला. कापितोलिना मात्र हटली नाही. "तुमच्याकडे कुणी वयात आलेलं आहे का?"

म्हातारीनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग हात धुतले, तिलाही धुवायला लावले आणि देवाच्या कोपऱ्यातल्या फळीवरून कापडात गुंडाळलेली पोथी काढली. लाकडी पुठ्ठे, त्यांवर चामडं, पितळेच्या दोन कड्या. आत हातानं लिहिलेली काळी अक्षरं, आरंभाची तेवढी लाल. अशा पोथ्यांना त्यांच्यात फुलबाग म्हणत. कुणा लिहिणाऱ्यानं आपल्या आवडीनं वेचलेल्या कथा, प्रार्थना, गाणी. ही फुलबाग श्वेत समुद्रातल्या सोलोवकी बेटावरच्या मठात लिहिली गेली होती. तिथल्या साधूंनी नवे ग्रंथ नाकारले, दरवाजे लावून घेतले आणि झारच्या सैन्याला कित्येक वर्षं आत येऊ दिलं नाही. पोथीतली सर्वांत लांब कथा त्याच वेढ्याची होती, तिथून निसटलेल्यांनी मागाहून लिहून जोडलेली.

पण कापितोलिनाची नजर अडकली ती समासात. तिथे निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या शाईत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी लिहून ठेवलं होतं. 'मेझेन नदीच्या काठी भूक. झाडाची साल खाल्ली. पुस्तक विकलं नाही.' पुढे दुसऱ्या अक्षरात, 'इथे आग. पुस्तक विहिरीत सोडलं. सुकवून पुन्हा शिवलं.' आणखी पुढे, 'माझ्या लेकीनं, मारेम्यानानं, आज एकटीनं पान वाचलं. बर्फ पडतोय.'

म्हातारी जुनी अक्षरं वाचून दाखवत होती आणि कापितोलिना, जी एका जागी चहा संपेपर्यंतसुद्धा गप्प बसत नसे, ती चिडीचूप ऐकत होती. घरी परतताना प्रोखोरनं दोनदा मागे वळून पाहिलं, बायको होडीत आहे ना म्हणून.

"काय झालं?" शेवटी त्यानं विचारलं.

"बेटावरून निघून मेझेन, मेझेनवरून इथे. सगळा रस्ता लिहिलाय त्यांनी. माझ्या आईला विचारलं, आपलं गाव कुठल्या नदीवर होतं, तर ती म्हणायची, नदी होती एक."

त्या उन्हाळ्यात पुस्तकांची होडी दाल्नी बोरला जरा जास्तच थांबू लागली. कापितोलिना सरपण रचून द्यायची, छताच्या फटींत शेवाळ भरून द्यायची आणि बदल्यात म्हातारी तिला जुनं वाचन शिकवायची. शरदातल्या शेवटच्या खेपेला, नदीच्या कडेनं बर्फाची साय धरायला लागली असताना, म्हातारी सहज बोलल्यासारखी बोलली, "ही तुझी शेवटची भेट समज. थंडीत मी गेले तर पोथी माझ्यासोबत पेटीत जाईल. शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय."

"पेटीत? मातीत?"

"मग कुणाच्या हवाली करू? मुलगा व्होरकुतात खाणीत आहे. त्याला ती अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग वाटते. गावात वाचणाऱ्या होत्या तिघी. दोघी गेल्या. माझ्यामागे ही उंदीर वाचतील."

कापितोलिना रागानं फणफणत उस्त-क्रुतला पोहोचली आणि भरात जाऊन सगळं संस्कृती खात्याच्या प्रमुखापुढे ओतून बसली. हा वेनियामिन अर्काद्येविच पूर्वी लग्नांत अकॉर्डियन वाजवायचा. माणूस वाईट नव्हता, पण खुर्चीत बसल्यापासून त्याला वरच्यांची धास्ती असे. त्यानं ऐकून घेतलं आणि चुटकी वाजवली.

"अहो, मग सोपं आहे. मिलिशियाचा एक पोलीस शिपाई पाठवू, पावती देऊ, पोथी संग्रहालयात. राष्ट्राची ठेव आहे ती."

"पाठवा ना," कापितोलिना म्हणाली. "शिपायाला सांगा, जाताना राख भरायला डबा ने. दारात टोपी दिसली की ती पोथी चुलीत जाईल. आणि पुढच्या वर्षी त्या नदीवर मला पाणीसुद्धा कुणी विचारणार नाही."

"मग तुमचं म्हणणं तरी काय?"

"मला हिवाळाभर बिनपगारी रजा द्या."

"कशाला?"

"लिहायला."

"काय लिहिणार तुम्ही?"

"जे लिहिलेलं आहे तेच. पोथीची नक्कल उतरवते. मग म्हातारीला हवी तर ती तिची मातीत नेऊ दे."

वेनियामिन अर्काद्येविचनं टक्कल चोळलं. "कापितोलिना येगोरोव्ना, सरकारी ग्रंथपाल बाई देवाधर्माची पोथी उतरवत बसल्यात, हे वर कळलं तर?"

"वर म्हणजे कुठे? तुमच्या डोक्यावर तर नुसतं गळकं छप्पर आहे."

तो हसला आणि तिथेच हरला. रजेचं कारण त्यानं आपल्या हातानं लिहिलं, 'वृद्ध नातेवाइकाची शुश्रूषा.' कापितोलिना म्हणाली, "नात्याचं नाव काय लावू?" तो म्हणाला, "ते तुमचं तुम्ही जमवा."

नदी घट्ट गोठल्यावर प्रोखोरनं तिला घोड्याच्या घसरगाडीतून दाल्नी बोरला नेलं. सोबत शाळेकडून मागून आणलेला चित्रकलेचा जाड कागद, लेखणीसाठी हंसाची पिसं, पिठाचं पोतं आणि खारवलेल्या माशांचं पिंप. म्हातारीला तिनं आधी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

दार किलकिलं झालं. "कुणी बोलावलं तुला?"

"कुणी नाही. सरपण फोडायला माणूस लागेल ना थंडीत?"

"आणि तो गठ्ठा?"

"तो रिकाम्या वेळेसाठी."

सोलोमोनिया आजीनं कागद चिमटीत धरून पाहिला, हुंगला. "चुन्यासारखा पांढरा आहे. डोळे जातील," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. मग चूल शिलगावता शिलगावता अटी सांगितल्या. लिहिण्याआधी हात-तोंड धुवायचं. लिहिताना बोलायचं नाही. बुधवार-शुक्रवार दूध नाही, मांस नाही. चहा या घरात शिजत नाही, जंगली फुलांचा काढा मिळेल. आणि नवऱ्यानं तंबाखू ओढायची तर नदीपलीकडे जाऊन.

"बोलायचं नाही?" प्रोखोर म्हणाला. "आजी, हिवाळाभर?" त्यानं टोपी काढून म्हातारीला वाकून नमस्कार केला आणि घोडा वळवला.

शाई त्यांनी घरीच केली. आल्डर झाडाची साल, गंजके खिळे, पावाचं आंबवलेलं पेय क्वास. सगळं मडक्यात घालून चुलीमागे ठेवलं, तेव्हा घरभर असा वास सुटला की मांजर शेजारी राहायला गेलं. रेषा आखायला म्हातारीनं माळ्यावरून एक फळी काढली. तिच्यावर दोऱ्या ताणलेल्या होत्या. कागद वर ठेवून बोट फिरवलं की सरळ रेघा उमटत. उत्तरेतला हिवाळा, उजेड थोडका. खिडकीत उजेड असेपर्यंत लिहायचं, तो गेला की सूत कातायचं आणि म्हातारी वाचेल ते ऐकायचं.

सुरुवातीची पानं चुलीत गेली. म्हातारी मागून डोकावायची. "हे काय आहे? अक्षर की गारठलेली कोंबडी?"

"आजी, लिहिताना बोलायचं नाही म्हणालात ना?"

"तू बोलायचं नाही. मी लिहीत नाहीये."

हळूहळू हात बसला. कापितोलिनाला कळायला लागलं की ही अक्षरं घाईनं लिहिताच येत नाहीत. प्रत्येक अक्षर उभं करावं लागतं, ओंडका उभा करावा तसं. आणि लिहिता लिहिता तिला तिच्या वाचनालयातल्या जाडजूड कादंबऱ्या नव्यानं समजू लागल्या. त्यांतली माणसं चिडली, रडली, मरणाच्या दारात पोहोचली की एकदम जड, जुने शब्द बोलत. ती आजवर ते शब्द ओलांडून पुढे जायची. आता तिला ते शब्द ओळखीचे निघाले. त्यांचं माहेर या पानांत होतं. एक दिवस ती लेखणी खाली ठेवून मोठ्यानं म्हणाली, "अस्सं होय! हे इथून नेलं त्यांनी!" म्हातारीनं तिला बोलल्याबद्दल काढा दिला नाही.

खरं भांडण झालं ते समासावरून. म्हातारी म्हणाली, "मधलं देवाचं आहे, ते उतरव. कडेचं माणसांचं. त्याला कशाला शाई?"

"मला माणसांचंही हवं."

"त्यांनी आपापल्या पुस्तकात लिहिलं. ते तुझ्या पुस्तकात कसं येईल?"

"आजी, मेझेनच्या काठी साल खाऊन त्यानं हे पुस्तक विकलं नाही. त्याचं नाव गाळलं, तर मी नक्कल कशाची करतेय?"

दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. एकीनं सरपण आपटून फोडलं, दुसरीनं भांडी आपटून घासली. तिसऱ्या दिवशी मेजावर पोथी समासाच्याच पानावर उघडून ठेवलेली होती. म्हातारी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "मारेम्याना माझ्या आजीची आजी. तिचं नाव नीट काढ. दुबळं नको."

वसंतात बर्फ काळा पडू लागला तेव्हा शेवटचं पान झालं. एके ठिकाणी कापितोलिनानं एक ओळ दोनदा लिहिली होती. ती खरवडायला चाकू घेऊन बसली, तर म्हातारीनं हात धरला. जुने लिहिणारे चूक खरवडत नसत, शेवटी क्षमा मागत. कापितोलिनानं शेवटी क्षमा मागितली, पण एकाच वाक्यात. जास्त मागण्यासारखं काही केलंय असं तिला वाटत नव्हतं.

मग म्हातारीनं दोन्ही पोथ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि चिखलाचे ते सगळे आठवडे, जेव्हा ना घसरगाडी चालत ना होडी, दोन्हींवरून दोन बोटं एकदम फिरवत अक्षर न अक्षर ताडून पाहिलं. कापितोलिना आत-बाहेर करत होती. परीक्षा द्यायची सवय मोडली होती तिची.

प्रोखोर होडी घेऊन आला त्या दिवशी म्हातारीनं दोघांना समोर बसवलं.

"पोथी बरी उतरली आहे," ती म्हणाली. "मी तीच नेईन."

"तीच म्हणजे?"

"तू लिहिलेली. पेटीत."

कापितोलिना उठली, बाहेर गेली आणि उन्हाळा तोंडावर आलेला असताना पुढच्या वर्षाचं सरपण फोडू लागली. घाव इतके जोरात पडत होते की शेजारणी कुंपणाशी गोळा झाल्या. अख्खा हिवाळा! अक्षर न अक्षर! आणि ते सगळं मातीत!

म्हातारी काठी टेकत बाहेर आली, ओंडक्यावर बसली.

"चिडलीस."

"नाही चिडले."

"कुऱ्हाडीला विचारते मग." तिनं थोडा दम खाल्ला. "ऐक. जुनी ज्यानं लिहिली त्याला मी पाहिलं नाही. वर गेले, कुणी विचारलं, हे कुणी लिहिलं गं, तर काय सांगू? तुझी कशी लिहिली गेली ते मी रोज पाहिलंय. तुझं नाव मला ठाऊक आहे, तुझ्या बापाचं ठाऊक आहे. सांगता येईल. आणि ती जुनी..." तिनं हात नदीकडे केला. "ती आगीतून निघाली, विहिरीतून निघाली. एवढं चालून आलेल्याला मातीत बसवायची माझी छाती होत नाही. ती तू ने. त्या दगडी शहरात, लेनिनग्रादला, अशा पोथ्या जपणारे लोक आहेत म्हणतेस ना, त्यांना दे. पण आधी तिला एकदा घरी नेऊन आण. बेटावर. आमच्यातलं कुणी परत गेलं नाही तिकडे."

कापितोलिनानं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "बरं," ती म्हणाली. एवढंच.

आत आल्यावर म्हातारीनं जुनी पोथी उघडली आणि शेवटच्या कोऱ्या जागेत सगळ्यांदेखत लिहिलं. 'कापितोलिना, येगोरची लेक, हिवाळाभर इथे होती. पुस्तक उतरवलं. सरपण चांगलं फोडते. अक्षर बरं.'

कापितोलिनानं ते उलट्या बाजूनं, मेजापलीकडून वाचलं. मग प्रोखोरकडे पाहून म्हणाली, "बघ. लिहिलं मला," आणि रुमालानं नाक पुसलं.

सोलोमोनिया इप्पात्येव्ना त्याच वर्षी गवतकापणीच्या दिवसांत गेली, आपल्या अंथरुणात. आदल्या दिवशी तिनं मोरोश्काची पिवळी बोरं मागून घेऊन खाल्ली होती. पेटी प्रोखोरनं केली, एकही खिळा न वापरता. व्होरकुताहून मुलगा आला. कोळशानं कायमच्या काळ्या झालेल्या बोटांनी त्यानं ती नवी पोथी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि कापितोलिनाला म्हणाला, "ताई, एवढं सुंदर आहे. ठेवून का नाही घेत? आई काही बघायला येणार नाही."

"ठेव तिच्या हाताखाली," कापितोलिना म्हणाली. तिच्या आवाजात ना रुसवा होता, ना खेद. "तिची आहे ती."

पुढच्या उन्हाळ्यात ती आणि प्रोखोर निघाले. जुनी पोथी तिनं स्वच्छ टॉवेलात आणि वर लोकरी शालीत गुंडाळून पोटाशी बांधली. उस्त-क्रुतहून दुहेरी पंखांचं छोटं विमान. ते मेझेन नदीवर एका अंगाला कललं तेव्हा तिनं खाली पाहिलं. सगळा दलदलीचा, झाडीचा मुलूख, रस्ता नाही, धूर नाही. इथून माणसं पायी आली होती, पाठीवर पोरं, काखेत हे पुस्तक. शेजारच्या बाईनं विचारलं, "अहो, पोटाशी काय बांधलंय? बाळ आहे का?"

"नाही हो, आजीबाई आहेत," कापितोलिना म्हणाली.

आर्खांगेल्स्कहून जहाज. प्रोखोर जन्मभर नदीवर वाढलेला, पण समुद्र लागल्यावर हिरवा पडला. ती कठड्याला धरून उभी राहिली. सकाळी पाण्यातून भिंती वर आल्या. गाडीएवढे मोठे गोल धोंडे एकावर एक चढवलेले, अंगावर नारिंगी दगडफूल. मठात आता संग्रहालय होतं. सहलीला आलेली माणसं भिंतीपुढे उभी राहून फोटो काढत होती. कापितोलिना सरळ भिंतीच्या पायथ्याशी गेली, गवतात बसली, गाठोडं सोडलं. प्रोखोरनं आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं. तिनं हात पुसले आणि वेढ्याची कथा वाचायला घेतली, म्हातारीनं शिकवल्यासारखी, सूर न चढवता, एका ओघात.

प्रथम दोघं थांबले, मग पाच-सहा, मग अख्खी सहल. लाल रुमालवाल्या मार्गदर्शक मुलीनंही आपलं बोलणं थांबवलं. कापितोलिनानं कुणाकडे पाहिलं नाही. भिंतीआड भूक पडते, थंडी पडते, शेवटी दरवाजे फुटतात, आणि ज्या मोजक्या लोकांना निसटता येतं ते समुद्र ओलांडून निघून जातात, तिथपर्यंत तिनं वाचलं. मग कड्या लावल्या.

मार्गदर्शक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मी रोज हेच सांगते. असं कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही कुठून आलात?"

"इथूनच," कापितोलिना म्हणाली. मग प्रोखोरकडे पाहून तिनं सुधारलं, "म्हणजे, फिरून आलो."

लेनिनग्रादला ग्रंथसंग्रहाच्या हस्तलिखित विभागात त्यांना तमारा ल्वोव्ना नावाच्या बाई भेटल्या. बारीक, चष्मेवाल्या, हातांत पांढरे हातमोजे. गाठोडं उघडल्यावर त्या किती तरी वेळ पानं उलटत राहिल्या. समासाशी आल्या की थांबत, हसत, परत मागे जात. त्यांना त्या कागदाचं, शाईचं, त्या हस्ताक्षराच्या घराण्याचं सगळं माहीत होतं. त्यांनी कापितोलिनाला मधला एक शब्द समजावून दिला, जो म्हातारीलाही लागत नसे. दोघी तासाभरात अशा बोलायला लागल्या की प्रोखोर कॉरिडॉरमधल्या बाकावर झोपी गेला.

शेवटच्या पानावर तमारा ल्वोव्नांनी चष्मा वर केला. "ही कापितोलिना तुम्ही? मग नक्कल कुठे आहे?"

"दाल्नी बोरच्या दफनभूमीत."

तमारा ल्वोव्नांनी हातमोजे काढले. कापितोलिना वाट बघत होती की आता ही बाई हळहळेल, आणि उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. पण बाई म्हणाल्या, "आणखी एक लिहा. तुमचा हात बसलेला आहे. तुमच्या नदीवर पोथी राहायला नको का?"

कापितोलिनानं खुर्ची मेजाजवळ ओढली. मग म्हणाली, "शाई कुठे ठेवू?"

"शाई इथे चालत नाही. फक्त पेन्सिल."

"पेन्सिल! आजी असती तर तुम्हाला काढा मिळाला नसता."

सलग पाच वर्षं तिची सगळी रजा लेनिनग्रादला गेली. लोक रजेत समुद्रावर जात, उन्हात पडत. ती वाचनकक्षाच्या खिडकीशी बसून पेन्सिलीनं उतरवायची आणि घरी येऊन हिवाळ्यात घरच्या शाईनं गिरवायची. प्रोखोरला तंबाखू ओढायला घराबाहेर जावं लागे. तो म्हणायचा, "जुन्या श्रद्धेची बायको मी घरात आणलीच नव्हती, ही घरातच तशी झाली." येता-जाता ती आर्खांगेल्स्कला उतरायची, मेझेनला उतरायची, गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे बसायची. आणखी तीन पोथ्या तिच्या हाती आल्या. कुणी आपणहून दिल्या, एकीनं तर तिच्या मागे धावत येऊन दिली. प्रत्येक पोथी लेनिनग्रादला पोहोचवण्याआधी, जिथे लिहिली गेली तिथे, किंवा जमेल तितक्या जवळ, ती नेऊन आणायची. कुणी विचारलं, हा काय सोपस्कार, तर म्हणायची, "मला माझ्यासाठी जमत नाही. नदीचं नाव माहीत नाही. यांची तरी घरची फेरी होऊ दे."

नवी फुलबाग पुरी झाली तेव्हा तिनं ती वेनियामिन अर्काद्येविचच्या मेजावर ठेवली. तो निवृत्तीला टेकला होता. पानं चाळून झाल्यावर त्यानं विचारलं, "ही संग्रहालयात ठेवायची ना? काचेत?"

"काचेत कशाला? शिक्का मारा."

"कसला शिक्का?"

"वाचनालयाचा. होडीवर जाईल ती."

"अहो, हातानं लिहिलेली पोथी उसनी देणार? हरवली तर? भिजली तर?"

"भिजली तर सुकवतील आणि समासात लिहितील."

त्यानं शिक्का शाईत बुडवला आणि डोळे मिटून मारला.

बर्फ वाहून गेल्यावर पुस्तकांची होडी क्रुत नदीवर चढली. दुसऱ्याच गावात एका तरुण सुईणीनं ती पोथी मागून घेतली. तिची आजी जुनी अक्षरं वाचायची, तिला अर्धीमुर्धी येत होती. दोन खेपा झाल्या, तीन झाल्या, पोथी परत आली नाही. सुईणीकडून ती तिच्या जावेकडे गेली होती, तिथून पलीकडच्या काठी. धक्क्यावर भेटलेला एक शिक्षक म्हणाला, "कापितोलिना येगोरोव्ना, मला ती फुलबाग हवी होती. कुठे आहे सध्या?"

"वर कुठेतरी," ती होडीत चढत म्हणाली. "नाव लिहून देते तुमचं. रांगेत तुमच्या आधी सात जण आहेत." आणि प्रोखोरला ओरडली, "चल रे, अजून पाच गावं आहेत!"